नेब्रास्काच्या माळावर बिऱ्हाड कसं मांडाल?

समजा, साल १८७३ आहे. तुम्ही, बायको, तीन पोरं, एक दुभती गाय, बैलांची जोडी आणि कापडी छताची गाडी असा सगळा संसार घेऊन अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लूप नदीच्या खोऱ्यात पोहोचलात. नजर जाईल तिथवर गवत. झाड बघायचं तर ओढ्याच्या काठाला जावं लागतं. सरकार म्हणतंय, १६० एकर घ्या, पाच वर्षं राहा, कसा, जमीन तुमची.

आपल्याकडे या काळाचं चित्र म्हणजे काउबॉय आणि बंदुका. प्रत्यक्षात या कुटुंबांचे दिवस गेले ते शेण वेचण्यात, पाणी वाहण्यात आणि गळकं छप्पर झाकण्यात. पुढे लिहिलंय ते त्या कामांच्या क्रमाने. जमीन फुकट होती, पण बाकी काहीच फुकट नव्हतं, आणि क्रम चुकला की पहिल्याच हिवाळ्यात गाडी परत पूर्वेकडे वळायची.

आधी कागद

ही जमीन वाटणाऱ्या होमस्टेड कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंकनने २० मे १८६२ रोजी सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. अर्जदार २१ वर्षांचा हवा किंवा कुटुंबप्रमुख हवा. अमेरिकेचा नागरिक हवा, नाहीतर नागरिक होण्याचा इरादा लिहून दिलेला हवा. सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. फी सगळी मिळून १८ डॉलर, त्यातला मोठा भाग अर्जाच्या वेळी आणि उरलेला शेवटी पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, घेताना. अविवाहित बाई, विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई आपल्या नावावर अर्ज करू शकते. नवऱ्याबरोबर नांदणारी मात्र सहसा करू शकत नाही. म्हणून लग्न ठरलेल्या मुलीने बोहल्यावर चढायच्या आधी अर्ज भरला तर त्यात मला तरी शहाणपणच दिसतं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. तुम्ही-मी खरोखर त्या अर्जाच्या खिडकीपाशी उभे राहिलो असतो तर आपली डाळ शिजणं अवघडच होतं. तेव्हाच्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना, आणि १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांना. भारतीय माणूस यात बसतो का, हा वाद भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये उत्तर आलं, नाही. तेव्हा पुढचं सगळं एखाद्या स्वीडिश, जर्मन, चेक किंवा ओहायोहून आलेल्या कुटुंबाच्या जागी स्वतःला ठेवून वाचा. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनीही याच सुमारास शेजारच्या कॅन्ससमध्ये, १८७७ साली, निकोडेमस नावाचं गाव वसवलं.

आणि हे खोरं मोकळं पडलेलं नव्हतं. इथे पॉनी या मूळ अमेरिकी जमातीची गावं होती, मातीची गोल घरं होती, नदीकाठी मका, घेवडा, भोपळ्याची शेती होती. करारांनी त्यांचा प्रदेश आक्रसत लूपकाठच्या एका राखीव तुकड्यावर आला. ५ ऑगस्ट १८७३ ला शिकारीसाठी निघालेल्या पॉनींवर लकोटा या दुसऱ्या मूळ जमातीने मोठा हल्ला केला, आणि त्यानंतर थोड्याच काळात पॉनी इथून उठून दक्षिणेला, मूळ जमातींसाठी राखलेल्या इंडियन टेरिटरीत गेले. मातीच्या घरात राहायची वेळ आली म्हणून नवे लोक नशिबाला बोल लावायचे, तेव्हा तशाच मातीत पॉनी शतकानुशतकं नांदलेले होते.

जागा बघताना पाणी बघा

मोजणी सोपी आहे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे ३६ चौकोन, प्रत्येक ६४० एकरांचा. त्याचा पाव तुकडा म्हणजे तुमचे १६० एकर, प्रत्येक बाजू अर्धा मैल. सोळावा आणि छत्तिसावा चौकोन शाळेसाठी राखलेला, तिथे पाय ठेवू नका. रेल्वेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात एक आड एक चौकोन कंपनीचा असतो, आणि त्या पट्ट्यातल्या सरकारी जमिनीत साध्या अर्जदाराला १८७९ पर्यंत ८० एकरच मिळतात. स्टेशन जवळ हवं की जमीन जास्त हवी, हे घरात बसून आधीच ठरवा.

कोपऱ्यांवर मोजणीदारांनी खुंट्या ठोकलेल्या किंवा मातीचे उंचवटे केलेले असतात. वणव्यात खुंटी जळते, गवतात उंचवटा हरवतो. मग लोक चाकाच्या आरीला चिंधी बांधून फेरे मोजत गाडी हाकायचे. चाकाचा घेर माहीत असला की अर्धा मैल बरोबर निघतो. पैसे घेऊन जागा दाखवणारे लोकही भेटतील. त्यातले काही प्रामाणिक असतात.

ओढ्याकाठची जमीन बहुधा आधीच कुणीतरी धरलेली असेल. उरलं ते उंच सपाट टेकाड. माती उत्तम, पण पाणी कुठे कुठे दोनशे फुटांहून खोल. विहीर हाताने खणायची, रहाटाने माती वर काढायची, वाळू ढासळू नये म्हणून आतून फळ्या लावायच्या. खोल विहिरीत उतरण्याआधी पेटती मेणबत्ती सोडून बघा. ती विझली तर माणूस उतरवू नका, आत विषारी वायू आहे. पाणी लागेपर्यंत शेजारच्या ओढ्यावरून पिंपं भरून आणायची, आणि त्यात बैलांचा अख्खा दिवस जातो. माझा सल्ला विचाराल तर दुय्यम मातीची, पण पाणी जवळ असलेली जागा घ्या. काळी कसदार जमीन बघून भुललेले लोक तीन-तीन वर्षं पाणी वाहत राहिले. विहिरीला झाकण पहिल्या दिवसापासून हवंच, पोरं आणि वासरं दोन्ही खेळता खेळता तिथेच जातात.

अर्ज भरल्यापासून सहा महिन्यांत जागेवर राहायला यावं लागतं. घाई मात्र नको. १३ एप्रिल १८७३ ला, ऐन ईस्टरच्या रविवारी, इथे बर्फाचं वादळ सुरू झालं ते तीन दिवस थांबलं नाही. वसंत आला असं समजून गाडीत राहणाऱ्यांचे फार हाल झाले.

घर

लाकूड नाही, दगड नाही, विटा भाजायला जळण नाही. आहे ती जमीनच. या माळाच्या गवताची मुळं इतकी दाट की आपल्या बांधावरची हरळी त्यापुढे लेचीपेची वाटावी. मुळांनी विणलेला तो मातीचा थर म्हणजे सॉड, आणि घर त्याचंच बांधायचं. लोक त्याला थट्टेने ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणायचे.

वेळ कमी असेल तर आधी टेकडीच्या उतारात खोली कोरा आणि पुढची एकच भिंत सॉडची उभारा. एक उन्हाळा-हिवाळा यात निघतो. छपरावर चरायला गेलेली गाय पायासकट आत आल्याच्या कहाण्या आहेत, तेव्हा तेवढं कुंपण करा.

खरं घर असं बांधतात. जमीन ओलसर असताना बसक्या फाळाच्या खास नांगराने सॉडच्या पट्ट्या काढा, फूटभर रुंद आणि तीन-चार इंच जाड. कुदळीने त्यांचे तीन-तीन फुटांचे तुकडे करा. एक तुकडा उचलायला चांगलाच दम लागतो. आज जेवढं रचता येईल तेवढंच आज कापा, वाळला की तो भुगा होतो. रचताना गवताची बाजू खाली. दोन विटा शेजारी-शेजारी, सांधे चुकवत, आणि दर तिसऱ्या-चौथ्या थराला विटा आडव्या, म्हणजे भिंत घट्ट जखडली जाते. भिंत दोन-अडीच फूट जाड होते. सोळा फूट बाय वीस फुटांच्या घराला अर्धा ते एक एकर माळ सोलावा लागतो.

दारा-खिडक्यांच्या चौकटी भिंत चढत असतानाच उभ्या करा. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. चौकट आणि वरची भिंत यांच्यात काही इंच मोकळी जागा सोडून तिथे चिंध्या कोंबायच्या, कारण पहिल्या वर्षात भिंत बसते. जागा सोडली नाही तर काच तडकते, आणि अख्ख्या घरात विकत आणलेली मोठी वस्तू ती काचच असते.

छपराला आढं हवं. ते शोधायला दोन-तीन दिवसांचा प्रवास करून ओढ्याकाठचं सिडर किंवा कॉटनवुड आणावं लागतं. आढ्यावर वासे, त्यावर विलोच्या फांद्या, त्यावर वाळलेलं गवत, त्यावर पुन्हा सॉड. आढं बारीक घेतलंत तर ओल्या छपराच्या वजनाने ते रात्री-अपरात्री खाली येईल. या एका लाकडावर कंजुषी करू नका.

मराठवाड्यातल्या माळवदी घरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना पुढचं सांगायला नको. पावसाळ्याआधी माळवदावर खारी माती टाकायची आणि पहिल्या सरीला घरभर भांडी मांडायची. इथे तेच, फक्त जास्त. बाहेरचा पाऊस थांबला तरी छप्पर आत आणखी दोन-तीन दिवस ठिबकत राहतं. छत्री धरून स्वयंपाक करणं ही इथे गंमत नाही, रीत आहे. छताखाली मांजरपाट किंवा पिठाच्या पिशव्या उसवून ताणून बांधा. माती, उंदीर आणि अधूनमधून साप त्यात पडतो, ताटात पडत नाही. आतल्या भिंती कुदळीने तासून चिकणमाती आणि राखेचा गिलावा करा. चुना मिळाला तर उत्तमच. पिसवा आणि ढेकूण यांच्याशी मात्र दरवर्षी नव्याने लढावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर नेब्रास्कातल्या एका धर्मोपदेशकाने १८७०च्या दशकात चौदा फुटी चौरस घराचा लिहून ठेवलेला हिशोब आजही वाचायला मिळतो. खिडकी १ डॉलर २५ सेंट, दारासाठी १८ फूट फळी ५४ सेंट, कडी-बिजागऱ्या ५० सेंट, छपरातून धूर काढायचा नळ ३० सेंट, तीन पौंड खिळे साडेएकोणीस सेंट. एकूण २ डॉलर साडेअठ्ठ्याहत्तर सेंट. दाराला कुलूप नाही.

उन्हाळ्यात हे घर गार, हिवाळ्यात उबदार. पलीकडच्या फळ्यांच्या घरातले लोक थंडीत याचा हेवा करायचे, पण पत्रात माहेरी हे कुणी फारसं लिहीत नसे. १८८६ पासून नेब्रास्कातल्याच कस्टर काउंटीत सॉलोमन बुचर नावाचा फोटोग्राफर घरोघर फिरून अशा कुटुंबांचे फोटो काढत होता. एका बाईने त्याला निक्षून सांगितलं की फोटोत हे मातीचं घर दिसता कामा नये, म्हणून तिचा पेटीसारखा ऑर्गन ओढत बाहेर आणला आणि सगळ्या कुटुंबाचा फोटो ऑर्गनभोवती उघड्यावर काढला.

नांगरट

माळ फोडायची वेळ मे ते जूनच्या मध्यापर्यंत. उथळ फोडा, दोन-तीन इंच, म्हणजे उलटलेलं गवत उन्हात कुजतं. लवकर किंवा उशिरा फोडलंत तर गवत पुन्हा तग धरतं. घोड्यापेक्षा बैल बरे. ते गवतावर जगतात, घोड्याला धान्य लागतं, आणि तुमच्याकडे पोरांपुरतंही धान्य नाही. पहिल्या वर्षी मऊ माती मिळतच नाही, तेव्हा उलटलेल्या सॉडमध्ये कुऱ्हाडीने खाच पाडायची, मक्याचे दाणे टाकायचे आणि टाचेने दाबायचं. पीक बेताचंच येतं, पण गुरांना वैरण आणि घराला पीठ होतं. त्याच्यात भोपळा, टरबूज, बटाटा लावा.

१६० एकर हा आकडा डोक्यात ठेवू नका. पहिल्या वर्षी दहा-पंधरा एकर नीट फोडलेत तरी पुष्कळ. आणि ते सगळं मक्याखाली घालू नका, थोडा गहू हवाच. का, ते टोळांपाशी कळेल.

चूल आणि पोट

जळण म्हणजे शेण. आपल्याकडे गोवऱ्या थापतात, इथे रानशेणीच वेचायच्या, आधी रानगव्यांच्या, मग ते मारून संपवल्यावर गुरांच्या. नव्याने आलेली सून पहिल्या आठवड्यात दोन काटक्यांच्या चिमट्यात शेणी धरते, मग फडक्यात, मग पदरात, आणि महिन्याभराने एका हाताने शेणी चुलीत सारून त्याच हाताने कणीक मळायला घेते. हा विनोद त्या काळच्या बायकाच एकमेकींना सांगायच्या. सुकी शेणी भराभर जळते, राख ढीगभर होते. पावसाआधी साठा झाकून ठेवा. नाहीतर मग वाळलेलं गवत पिळून त्याच्या मोळ्या चुलीत घालत बसायचं, आणि त्या कामावर एक पोर दिवसभर अडकतं.

खाणं म्हणजे मका. मक्याची लापशी, मक्याची भाकरीसारखी जाड रोटी, तळलेला मका, सोबत खारवलेलं डुकराचं मांस आणि ज्वारीच्या जातीच्या गोड धाटांचा काकवीसारखा पाक. साखर सणालाच. कॉफी परवडत नसेल तर राय नावाचं धान्य किंवा मका करपेपर्यंत भाजून उकळायचा. कॉफीशी त्याचा संबंध फक्त रंगापुरता. ओढ्याकाठी जंगली प्लम आणि चोकचेरी मिळतात, त्या वाळवून ठेवा. रानकोंबड्या भरपूर आहेत.

दुकानात रोख कुणाकडेच नसते. लोणी आणि अंडी नेऊन द्यायची, मीठ, रॉकेल, चहा किंवा कापड आणायचं. हा व्यवहार घरच्या बाईचा. लोणी विहिरीत दोरीने सोडून गार ठेवलं की आठवडाभर टिकतं. पहिली दोन वर्षं पुष्कळ घरं गव्हा-मक्यावर कमी आणि या लोण्या-अंड्यांवर जास्त चालली. पट्ट्यावर नाव मात्र नवऱ्याचं.

घरधनी बाहेर, बाई माळावर

हातातले पैसे पहिल्या वर्षात संपतात. मग पुरुष रेल्वेच्या कामावर किंवा पूर्वेकडे सुगीला मजुरीला जातो. जागा सहा महिन्यांहून जास्त ओस पडली तर हक्क जातो, आणि दुसरा कुणीतरी टपलेलाच असतो. म्हणून बाई आणि पोरं जागेवर राहतात. सर्वांत जवळचा शेजारी मैल-दोन मैलांवर. बाळंतपणाला डॉक्टर नाही, शेजारीण येते, तीही घोड्यावर निरोप पोहोचला तर. निघण्याआधी घरधन्याने करायची कामं ही: गवताची गंजी घराजवळ, शेणी झाकलेल्या, पीठ चार महिन्यांचं, आणि एका शेजाऱ्याशी स्पष्ट बोलणं की दर आठवड्याला धूर दिसतोय का बघ. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

पोरांना काम वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून. कुंपण नाही, काटेरी तारेचं ग्लिडनचं पेटंटच मुळी १८७४ चं, तेव्हा गुरं वळायला पोरं लागतातच. शाळा भरते ती वर्षातून तीनेक महिने, तीही बहुधा सॉडच्याच खोलीत.

वणवा, बर्फ, टोळ

वणव्यासाठी शरद ऋतू लागायच्या आधी घर आणि गंजीभोवती नांगराच्या काही सऱ्या मारा. थोडं अंतर सोडून बाहेरून आणखी एक पट्टा नांगरा आणि वारा नसेल तेव्हा मधलं गवत स्वतःच जाळून टाका. हे आळसात राहिलं की एका दुपारी सगळं जातं. ओली पोती दारापाशी तयार असावीत.

बर्फाच्या वादळासाठी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधा. वीस पावलांवरचा गोठा दिसत नाही हे पहिल्या हिवाळ्यात कुणाला पटत नाही. १२ जानेवारी १८८८ ची सकाळ उबदार होती, पोरं पातळ कपड्यात शाळेत गेली, आणि अचानक आलेल्या वादळात सुमारे २३५ माणसं गेली असं मानतात. त्यात शाळेतून घरी निघालेली मुलं पुष्कळ होती. मास्तरीण मुलांना सोडत नसेल तर तिच्याशी भांडू नका.

टोळांवर मात्र उपाय नाही. १८७४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ढग आला, सूर्य झाकोळला आणि छपरावर गारा पडल्यासारखा आवाज झाला. मका काही तासांत धाटांसकट गेला. कांदे जमिनीतून पोखरून खाल्ले, नुसती भोकं उरली. अवजारांच्या दांड्या घामाच्या खारटपणासाठी कुरतडल्या. पिकावर गोधड्या टाकल्या तर गोधड्या खाल्ल्या. कोंबड्या टोळ खाऊन इतक्या माजल्या की त्यांच्या मांसाला आणि अंड्यांना त्याचीच चव. ज्यांचा गहू आधी कापून झाला होता त्यांच्या घरात काहीतरी उरलं, म्हणून वर गव्हाचं सांगितलं. विहीर झाकून ठेवा, टोळांनी पाणी नासतं. पुढच्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दीड लाख डॉलरची मदत मंजूर केली, सैन्याने जुने कोट आणि बूट वाटले, आणि टोळांनी नागवलेल्यांना हक्क न गमावता काही काळ जागा सोडायची सूट मिळाली. तेव्हा पूर्वेला परत जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली. तुमची गाडी त्यात असली तर लाज वाटून घेऊ नका, फक्त सुटीचा कागद आधी घ्या. हा टोळ पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पृथ्वीवरूनच नाहीसा झाला.

पाच वर्षांनंतर

पाच वर्षं पूर्ण झाली की दोन साक्षीदार घेऊन लँड ऑफिसात जायचं. हा माणूस इथेच राहिला, इतके एकर कसले, घर बांधलं, विहीर खणली, असं ते शपथेवर सांगतात. साक्षीदार शेजारीच असतात, म्हणून पाच वर्षांत कुणाच्या मळणीला गेला नसाल तर आता जड जाईल. उत्तरेच्या बाजूने अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्यांना, १८७२ च्या कायद्याने, सेवेचा काळ या पाच वर्षांतून वजा करून मिळतो. घाई असेल तर सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर रोख भरूनही जमीन नावावर होते, पण २०० डॉलर रोख असणारा माणूस मुळात सॉडच्या घरात कशाला राहील.

अर्ज केल्यापासून सात वर्षांच्या आत हे उरकावं लागतं. पाच वर्षं झाली म्हणून लगेच पळत जाऊ नका. पट्टा हातात येईपर्यंत जमीन सरकारची, तोवर तिच्यावर स्थानिक कर बसत नाही. म्हणून पुष्कळ जण सहावं, सातवं वर्षही तसंच काढायचे. पट्टा आला की कर सुरू होतो आणि गावातला सावकारही दारात येतो, कारण आता गहाण ठेवायला तुमच्याकडे काहीतरी आहे. घ्यायचंच असेल तर विहिरीवर पवनचक्की बसवण्यापुरतं घ्या. आणि घरातलीला विचारा. ती बहुधा पवनचक्कीच्या आधी घरात पायाखाली फळ्यांची जमीन मागेल.